तुझी गोळी, माझी गोळी

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "डॉक्टरीणबाई, वीस मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव, पण कुणाला घाबरवू नकोस." मी प्रयत्न करते. शब्द मात्र देत नाही.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी एक गंमत पाहिली. चाळीस वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत आपण डबे उघडायचो आणि पहिला प्रश्न असायचा, "तुझ्याकडे काय?" मग माझी भाजी तुला, तुझी चटणी मला. आज पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या आणि खिशांतून, पर्समधून गोळ्यांची पाकिटं निघाली. पुन्हा तोच प्रश्न, "तुझ्याकडे काय?" "मला टेल्मिसार्टन." "मला ॲम्लोडिपीन." "माझी तर दोन्ही मिळून एकच गोळी आहे." एकजण म्हणाला, "माझी सगळ्यांत भारी, एकशे वीसच्या वर जाऊच देत नाही." मी हसले, पण पोटात गोळा आला. कारण हीच चर्चा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीड वर्षापूर्वी झाली होती आणि त्या चर्चेचा हिशोब मला आज तुमच्यासमोर मांडायचा आहे.

त्या दिवाळीत आपल्या एका मित्राने ग्रुपवर लिहिलं, "बीपीच्या गोळीने पाय सुजतात. कुणाला असा त्रास आहे का?" तासाभरात अकरा उत्तरं आली. कुणी लसूण सांगितला, कुणी शेवग्याच्या पानांचा रस. आणि एकाने अगदी प्रेमाने लिहिलं, "मी दहा वर्षं ॲटेनोलॉल घेतोय, काही त्रास नाही, तू पण तीच घे." मी तो निरोप रात्री अकरा वाजता वाचला. दिवसभराची ओपीडी संपवून आडवी झाले होते. म्हटलं, उद्या सविस्तर लिहीन. उद्या उजाडला, पेशंट आले, मी विसरले.

त्याने आपली गोळी बंद केली आणि मित्राने सांगितलेली आणून दीड महिना घेतली. पायांची सूज गेली, बरं वाटलं. पुढे हळदीच्या काढणीत गडबड झाली, पाकीट संपलं, नवं आणायचं राहिलं. काही होत नव्हतं, म्हणून राहिलं ते राहिलंच. बीपी मोजलं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी शेतातच त्याचा उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. दवाखान्यात पोहोचला तेव्हा बीपी २२०/१३० होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

तो आज इथे पहिल्या रांगेत बसला आहे. हे सगळं त्याच्या परवानगीने सांगते आहे. खरं तर त्यानेच मला परवा फोनवर अडखळत सांगितलं, "तू बोल. नाव नको घेऊ, पण बोल." ज्याने लिहिलं होतं तोही इथे आहे. त्याला मी सर्वांसमोर सांगते, चूक तुझी नाही. तू मित्र म्हणून लिहिलंस. ग्रुपवर डॉक्टर एकच होती आणि ती गप्प बसली. म्हणून जे उत्तर मी त्या रात्री द्यायला हवं होतं, ते आज देते. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला दाब शिकवला होता. बाई आज आल्या आहेत, चुकले तर कान धरतील. शाळेच्या बागेला पाणी घालायची पाळी असायची तेव्हा आपण पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून पाणी लांब उडवायचो. पाइपमधला दाब कमी करायचा तर काय काय करता येईल? एक, पाणीच कमी सोडायचं. दोन, पाइप रुंद करायचा. तीन, पंप जरा हळू चालवायचा. आणि चार, जो अंगठा पाइप दाबतोय तोच बाजूला करायचा. बीपीची बहुतेक औषधं या चार वाटांनीच काम करतात. एवढं लक्षात राहिलं तर निम्मं भाषण संपलं.

आधी एक गोष्ट सांगते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. शेवटच्या तासांत त्यांचं बीपी ३०० च्या वर मोजलं गेलं होतं. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या दिमतीला डॉक्टर होते, पण बीपी नीट उतरवणारी गोळीच नव्हती. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच सांगत. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली ही वनस्पती बीपी उतरवते, हे त्यांनी मोजमाप करून जगाला दाखवलं. पुढे त्या मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं आणि अनेक वर्षं जगभर वापरलं गेलं. मग ते मागे का पडलं? काही जणांना त्याने उदासी यायची, आणि त्याहून सोसायला सोपी औषधं आली. म्हणजे मुळी आपली आहे, झाडपाल्याची आहे, म्हणून तिला दुष्परिणाम नाहीत, असं नसतं. हे शेवग्याचा रस सुचवणाऱ्यांसाठी.

आता आपल्या चार वाटा.

पाणी कमी करणारी वाट म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या गोळ्या. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही त्यांतली नावं. या गटातली पहिली औषधं १९५० च्या दशकाच्या शेवटी आली. स्वस्त आणि भरवशाची. खोड अशी की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम कमी होऊ शकतं, युरिक ॲसिड वाढू शकतं. ज्याला गाऊटचा त्रास आहे, अंगठा रात्री-बेरात्री ठणकतो, त्याला ही गोळी जपून द्यावी लागते.

पाइप रुंद करणारी वाट म्हणजे ॲम्लोडिपीन आणि तिच्या बहिणी. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू ती सैल करते. शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी चुकली तरी लगेच घात होत नाही. खोड म्हणजे घोट्याशी सूज. ही सूज बहुधा हृदयाची किंवा किडनीची नसते, पण ते तपासून ठरवायचं असतं.

पंप हळू चालवणारी वाट म्हणजे ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल. हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, ठोके अनियमित असतील, तर यांचा उपयोग होतो. पण ज्याला नुसतं बीपी आहे त्याला आता यांनी सुरुवात करत नाहीत. दमा असलेल्याला त्रास होऊ शकतो. आणि ही गोळी अचानक सोडायची नसते. सोडली तर ठोके आणि बीपी उसळू शकतात. बंद करायचीच असेल तर हळूहळू उतरवायची असते.

चौथी वाट अंगठा बाजूला करण्याची. आपलं शरीर रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन नावाचं एक रसायन स्वतःच तयार करतं. ते तयारच होऊ न देणाऱ्या गोळ्या म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल. यांचा शोध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरच्या संशोधनातून लागला, हे ऐकून मागच्या बाकावरचे जागे झाले असतील. आणि ते रसायन तयार झालं तरी त्याला काम करू न देणाऱ्या गोळ्या म्हणजे लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर किडनी जपायला या दोन्ही गटांचा उपयोग होतो. पहिल्या गटाची खोड म्हणजे कोरडा खोकला. दोन्ही गटांत पोटॅशियम आणि क्रिॲटिनिन तपासत राहावं लागतं. आणि गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत, बाळाला धोका असतो. आपलं वय गेलं, पण आपल्या लेकी-सुना आहेत. हे त्यांना सांगा.

मग यांतली भारी कोणती? सकाळी पोह्यांच्या बशीवर हाच वाद होता. तोच वाद सोडवायला अमेरिकेत १९९४ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. नाव ऑलहॅट. पंचावन्न वर्षांवरचे ३३ हजारांहून जास्त रुग्ण. काहींना क्लोरथॅलिडोन, काहींना ॲम्लोडिपीन, काहींना लिसिनोप्रिल. सुमारे पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ मध्ये निकाल लागला. हार्ट ॲटॅकच्या बाबतीत तिन्ही सारखे. हृदय थकून पाणी साठण्याचं प्रमाण मात्र स्वस्तातल्या क्लोरथॅलिडोनवर सर्वांत कमी. याच अभ्यासात डॉक्साझोसिन नावाचं चौथं औषध होतं. त्यावरच्या रुग्णांत हृदय थकण्याचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणून २००० मध्येच तो भाग थांबवला. बीपी उतरवतं म्हणजे सगळं झालं असं नाही, हे त्या औषधाने शिकवलं.

त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात लोसार्टन आणि ॲटेनोलॉल यांची तुलना झाली. दोघांनीही बीपी जवळजवळ सारखंच उतरवलं, पण पक्षाघात लोसार्टनवाल्यांना जवळपास चतुर्थांशाने कमी झाले. २००८ मध्ये रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन समोरासमोर आले. गुण सारखे. टेल्मिसार्टनला खोकला कमी. दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा वाढला नाही, उलट किडनीचा त्रास वाढला. म्हणून या दोन गटांची जोडी एकत्र घ्यायची नसते. कुणाच्या पाकिटांत ती असेल तर आज मला दाखवा.

हे सगळे अभ्यास परदेशी, आपलं काय, असं कुणी विचारेल. अलीकडेच भारतात सुमारे दोन हजार रुग्णांवर अभ्यास झाला. ॲम्लोडिपीन, पेरिंडोप्रिल, इंडापामाइड या तिघांच्या तीन जोड्या करून एकेका गटाला दिल्या. तिन्ही जोड्या सारख्याच निघाल्या आणि साधारण सत्तर टक्के लोकांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं.

म्हणजे निकाल काय? बहुतेकांसाठी या चांगल्या गोळ्यांत पहिला नंबर नाही, सगळ्या फर्स्ट क्लासमध्ये पास. मग कुणी म्हणेल, सगळ्या सारख्या आहेत तर अदलाबदल केली म्हणून काय बिघडलं? बिघडतं ते इथे. आकडेवारीत गोळ्या सारख्या असतात, माणसं सारखी नसतात. तीन उदाहरणं देते.

आपली एक मैत्रीण पाच महिने खोकत होती. खोकल्याची तीन औषधं झाली, छातीचा फोटो झाला, टीबीची तपासणी झाली. घरात सुनेने नातवाला जवळ येऊ दिलं नाही. तो सल आजही तिच्या बोलण्यात येतो. शेवटी कुणीतरी पाकीट पाहिलं. रॅमिप्रिल होतं. बदलून टेल्मिसार्टन दिलं आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. या गोळ्यांनी साधारण दहांतल्या एखाद्याला खोकला येतो, आशियाई लोकांत थोडा जास्त. पण हीच गोळी तिच्या मिस्टरांना उत्तम लागू पडली आहे.

दुसरं उदाहरण आपल्या एका सरांचं. वय चौऱ्याऐंशी. पहाटे उठून उभे राहिले की डोळ्यांसमोर अंधारी यायची. दोनदा पडले. त्यांच्या पिशवीतली पाकिटं मी टेबलावर मांडली. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांची दोन पाकिटं लिहिली होती, आत औषध एकच. म्हणजे सर दुप्पट डोस घेत होते. दोघांपैकी कुणीही मुद्दाम केलं नव्हतं, दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. म्हणून पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं नाव वाचा. चष्मा लावून वाचा, आता लाजायचं वय राहिलं नाही.

आणि तिसरं उदाहरण आपल्या मित्राचं. त्या रात्री मी काय लिहायला हवं होतं? एवढंच: "सूज ॲम्लोडिपीनची असू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. उद्या दवाखान्यात ये." तो आला असता तर मी त्याचा डोस अर्धा केला असता, जोडीला टेल्मिसार्टन दिलं असतं. त्या जोडीने सूजही उतरते आणि बीपीही. ती गोळी न घेतल्यामुळेच सगळं घडलं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण २२०/१३० पर्यंत जायची वेळ बहुधा आली नसती. हा विचार मला दीड वर्ष सोडत नाही.

आता तुमचे नेहमीचे प्रश्न पटापट घेते.

"एका गोळीने भागत नाही म्हणजे माझं बीपी फार वाईट का?" नाही. बहुतेकांना दोन लागतात. २००९ मध्ये ४२ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या वाटेची दुसरी गोळी जोडली तर सुमारे पाचपट जास्त उतार मिळतो. दोन्हींचे डोस लहान राहतात, त्रासही कमी होतो.

"सकाळी घ्यावी की रात्री?" इंग्लंड-स्कॉटलंडकडे २१ हजार लोकांवर पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला. फरक नाही. जी वेळ लक्षात राहते ती तुमची वेळ.

"गुडघे दुखतात म्हणून रोज वेदनाशामक घेते, चालेल का?" डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात. पाण्याची गोळी आणि सार्टन-प्रिल गटातली गोळी चालू असताना त्यांची भर पडली तर किडनीला धोका असतो. बीपीची गोळी काम करत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या पिशवीत मला हे पाकीट बऱ्याचदा सापडतं.

"मीठ?" जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, बेकरीतली खारी सगळं आलं. आज जेवणात लोणचं आहे हे मला माहीत आहे. एक फोड खा, डबा ओढू नका.

"बरं वाटतंय, मग बंद करू का?" बरं वाटतं कारण गोळी चालू आहे. बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही. आपल्या मित्रालाही ते शेवटच्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं.

"महाग पडतात." जुनी, जेनेरिक औषधं आज खूप स्वस्त आहेत आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. २०१७ मध्ये देशात बीपी नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यातल्या पहिल्या २५ जिल्ह्यांत आपला सातारा होता. मोजकी औषधं, ठरलेल्या पायऱ्या, प्रत्येकाचं कार्ड. प्राथमिक आरोग्य केंद्रातली ती साधी गोळी भारी पाकिटातल्या गोळीपेक्षा कमी नाही, ऑलहॅटचा निकाल आठवा.

आणि मोजायचं कसं? पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवी करून या. मोजताना बोलायचं नाही, हे आपल्या तुकडीला सर्वांत कठीण. दोनदा मोजा आणि वहीत लिहा.

शेवटचं. आपल्या मित्राचं अक्षर वर्गात सर्वांत सुंदर होतं, तुम्हाला आठवत असेल. रोज सकाळी फळ्यावरचा सुविचार तोच लिहायचा. आज तुम्ही सभागृहात आलात तेव्हा दाराशी फळ्यावर "सर्वांचे स्वागत" लिहिलेलं पाहिलंत. अक्षर जरा वाकडं आहे, ओळ खाली घसरली आहे. ते त्याने डाव्या हाताने लिहिलं. सकाळी साडेसातला येऊन, वीस मिनिटं लावून लिहिलं. मी बाजूला उभी होते. मदत करू का विचारलं तर मानेनेच नाही म्हणाला.

माझी एकच मागणी आहे. गोळ्यांची चर्चा ग्रुपवर खुशाल करा, डब्यांसारखी वाटावाटी मात्र नको. कुणाला त्रास होत असेल तर लिहा, आणि खाली माझं नाव टाका. मी त्याच रात्री उत्तर देईन. एका ओळीचं का होईना, देईन.

जेवणाची घंटा व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत. मागे खिडकीजवळ मी बीपीचं मशीन आणि एक वही ठेवली आहे. आपापली पाकिटं घेऊन या. सर आणि बाईंपासून सुरुवात करू. मित्रा, तुझा नंबर त्यांच्यानंतर. आता तू रोज दोन गोळ्या घेतोस, हे मला माहीत आहे, तरी मोजणार आहे.